टनाला दहाने गुणायचं की ९.८१ ने?

प्रश्न असा आहे. बांधकाम साहित्याच्या एका चाचणी लॅबमध्ये नुकतेच लागलेले इंजिनिअर विचारतात: "आमचं काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडणारं जुनं क्यूब टेस्टिंग मशीन टनात रीडिंग देतं आणि रिपोर्ट किलोन्यूटनमध्ये द्यायचा असतो. एक सर दहाने गुणतात, दुसरे ९.८१ ने. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर ९.८०६६५ छापलंय. पुण्यात तर म्हणे 'जी'ची, म्हणजे पृथ्वीच्या ओढीची, किंमत ९.७८ च आहे. मग गुणायचं कशाने? किलोपाँड, डेकान्यूटन, डाईन हे काय प्रकरण आहे? आणि इतके दिवस दहाने गुणून दिलेल्या रिपोर्टांचं काय करायचं?"

आधी उत्तर, मग कारण. टनाचं किलोन्यूटन करायचं असेल तर ९.८०६६५ ने गुणा. पुण्यात, दिल्लीत, लेहमध्ये, चंद्रावर लॅब काढलीत तर तिथेही. ९.८१ ने गुणलंत तर फरक हजारात एक भागसुद्धा नाही, तुमच्या मशीनला तो दिसणारही नाही. दहाने गुणू नका. आणि ९.७८ हा आकडा खरा असला तरी या हिशेबात त्याचं काही काम नाही.

हे शेवटचं वाक्य बहुतेकांना पटत नाही. मलाही सुरुवातीला पटलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे 'किलो' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. मंडईत दोन किलो बटाटे घेतले तर ते वस्तुमान. ते बटाटे विमानात घालून लंडनला नेले तरी दोन किलोच राहतात. पण प्रेस चालवणारा म्हणतो "वीस टन लोड दिला", तेव्हा तिथे वीस टन वजनाची कुठलीच वस्तू नसते. रॅम खाली दाबतोय, आणि वीस टनांचं ओझं ठेवल्यावर जितका दाब आला असता तितकं बल तो देतोय, एवढाच त्याचा अर्थ. हा दुसरा किलो म्हणजे किलोग्रॅम-बल, लॅबच्या भाषेत केजीएफ. जुन्या ड्रॉइंगवर आणि जुन्या डायलवर हा 'एफ' सहसा लिहिलेला नसतो, नुसतं केजी असतं. तिथून पुढचा सगळा घोळ सुरू होतो.

एक किलो वस्तूला पृथ्वी जितक्या जोराने ओढते तितकं बल म्हणजे एक केजीएफ, असं म्हटलं की लगेच प्रश्न येतो: कुठली पृथ्वी? विषुववृत्तावर ओढ कमी, ध्रुवाकडे जास्त, डोंगरावर आणखी थोडी कमी. ९.७८ पासून ९.८३ पर्यंत ती फिरते. मग प्रत्येक गावाचा केजीएफ वेगळा होईल. हे टाळायला १९०१ साली वजन-मापांच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ९.८०६६५ हा आकडा ठरवून टाकला. साधारण ४५ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीला जी ओढ असते तिच्या जवळचा हा आकडा, पण आता तो कुठल्याही गावाचा नाही. डझन म्हणजे बारा, तसा एक केजीएफ म्हणजे ९.८०६६५ न्यूटन. मोजून आलेला नाही, ठरवलेला आहे, म्हणून त्याच्यापुढे आणखी दशांशस्थळंही नाहीत.

न्यूटनला पृथ्वीची गरजच नाही. एक किलो वस्तूचा वेग दर सेकंदाला सेकंदाला एक मीटरने वाढवणारं बल म्हणजे एक न्यूटन. हे नाव १९४८ च्या नवव्या परिषदेत मंजूर झालं. तेव्हा टनाचं किलोन्यूटन करताना आपण फक्त एका ठरवलेल्या एककातून दुसऱ्या एककात जातो. आपण कुठे उभे आहोत याचा त्यात प्रश्नच येत नाही.

मग ९.७८ कधी लागतं? खरी वजनं टांगता तेव्हा. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, दोन दिवस वाया घालवून शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षात एक लोडसेल, म्हणजे बल मोजणारं उपकरण, तपासायचा होता. आमच्याकडे प्रमाणित वजनं होती, एकूण ५०० किलो. हँगरला एकेक चढवली. मी डोक्यात हिशेब केला होता: ५०० गुणिले ९.८०६६५, म्हणजे ४.९०३ किलोन्यूटन. इंडिकेटर दाखवत होता ४.८९१. परत शून्य केलं, परत चढवली, परत ४.८९१. वायर बदलली. आयबोल्ट तिरका असेल म्हणून शॅकल बदलून पाहिलं. इंडिकेटर दुसरा आणला, त्यावरही तेच. लोडसेल खराब म्हणून कंपनीला पत्र लिहायच्या बेतात होतो. आमचे एक वरिष्ठ चहाचा कप घेऊन आले, वजनांकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, ही वजनं आहेत पाचशे किलोची. पण पुण्यात पृथ्वी त्यांना किती ओढते ते विचारलंस का कुणाला?"

पुण्यात 'जी' साधारण ९.७८४ आहे. ५०० गुणिले ९.७८४ म्हणजे ४८९२ न्यूटन. त्यातून हवेच्या तरंगशक्तीचे, म्हणजे लोखंडी वजनाने बाजूला सारलेल्या हवेमुळे कमी होणारे, पाऊण न्यूटनच्या आसपास गेले की ४८९१. लोडसेल अगदी बरोबर होता. चूक माझ्या हिशेबात होती, पाव टक्क्याची.

तेव्हापासून कुठलंही 'किलो' दिसलं की मी आधी विचारतो: हा आकडा वजनं ठेवून आलाय की मशीनने बल मोजून दिलाय? वजनं ठेवून आलेला असेल आणि मला बल हवं असेल, तर त्या जागेचा 'जी' घ्यायचा. मशीनच्या डायलवरचा असेल, तर तो केजीएफ आहे, त्याला ९.८०६६५. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत 'जी' ९.७९१ च्या जवळ आहे. तिथे वजनं टांगून बल तयार करतात तेव्हा तिथला नेमका 'जी' हिशेबात धरतात आणि त्यातून न्यूटन बाहेर पडतात. त्या न्यूटनांनी तपासलेलं उपकरण मग कुठेही न्या, न्यूटन तेच. तुमच्या मशीनचं कॅलिब्रेशन करायला माणूस प्रूव्हिंग रिंग (बल मोजायचं पोलादी कडं) किंवा लोडसेल घेऊन येतो, तो याच साखळीतला. म्हणून तुमच्या टनाच्या डायलला पुण्याचा 'जी' लावायचा नाही. लावलात तर आधीच बरोबर असलेल्या आकड्यात पाव टक्का चूक स्वतःहून घालाल.

आता हिशेबाची सोय. कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर टनाला दहाने गुणून दोन टक्के वजा करा: ४५ टन म्हणजे ४५० उणे ९, म्हणजे ४४१ किलोन्यूटन. नेमकं उत्तर ४४१.३ येतं. उलट दिशेने दहाने भागून दोन टक्के वाढवा: ४५० किलोन्यूटन म्हणजे ४५ अधिक ०.९, म्हणजे ४५.९ टन. साइटवरच्या मुलांना मी वेगळं सांगतो: सिमेंटची एक गोणी ५० किलोची, तेव्हा दोन गोण्या म्हणजे जवळजवळ एक किलोन्यूटन. "हा ट्रॉलीचा हुक २० किलोन्यूटनचा आहे" म्हटल्यावर चेहरा कोरा राहतो. "चाळीस गोण्या" म्हटलं की लगेच मान डोलते.

दहाने गुणायची सवय कुठून आली ते समजू शकतं. शाळेत 'जी बरोबर १० घ्या' असं सांगतात, गणित सोपं होतं, आणि पुढे कुणी दुरुस्त करत नाही. पण दहाने गुणलं की उत्तर जवळजवळ दोन टक्के फुगतं आणि नेहमी एकाच बाजूला फुगतं. तुमच्याच कामातलं उदाहरण घ्या. एम २५ काँक्रीटचा, म्हणजे चौरस मिमीला २५ न्यूटन ताकद हवी असलेल्या काँक्रीटचा, १५ सेंटीमीटरचा क्यूब, २८ दिवसांचा. क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. मशीनवर तो ५६.५ टनाला फुटला. दहाने गुणणारे सर लिहितील ५६५ किलोन्यूटन, म्हणजे २५.१ न्यूटन प्रति चौरस मिमी. खरा आकडा आहे ५५४ किलोन्यूटन, म्हणजे २४.६. एक पंचविसाच्या वर, एक खाली. काँक्रीट स्वीकारायचं की नाही हे काही एका क्यूबवर ठरत नाही, त्याचे सरासरीचे आणि किमान मर्यादेचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे २४.६ आलं म्हणून लगेच स्लॅब तोडायला धावू नका. पण रिपोर्टवर आपण सही करतो ती आकड्याखाली. आणि तुमचं मशीन वर्ग १ चं असेल तर त्याला स्वतःला एक टक्क्यापर्यंतच चूक माफ आहे. मशीनने वर्षभर काटेकोर राहून एक टक्का सांभाळायचा आणि आपण पेनच्या एका फटक्यात दोन टक्के घालवायचे, हे मला पटत नाही.

प्रत्येक ठिकाणी दोन टक्क्यांवर जीव टाकायची गरज नाही, हेही सांगायला हवं. क्यूबवर लोड चढवायचा वेग जुन्या आयएस ५१६ या भारतीय मानकामध्ये मिनिटाला १४० किलो प्रति चौरस सेंमी दिलाय. आता मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी धरतात, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या क्यूबला सेकंदाला ५.२५ किलोन्यूटन. जुन्या आकड्याचं काटेकोर रूपांतर केलं तर ५.१५ येतं. व्हॉल्व्ह हाताने फिरवणाऱ्या माणसाला हा फरक पाळता येत नाही आणि क्यूबलाही तो कळत नाही. तसंच घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला २०० किलो धरलं काय आणि २ किलोन्यूटन धरलं काय, माणसं आणि कपाटं काही टक्क्यात मोजून आत येत नाहीत. अंदाजाच्या आकड्याला अंदाजाचं रूपांतर पुरतं, मोजलेल्या आकड्याला पुरत नाही.

सुरक्षिततेच्या आकड्यात मात्र दशांशाइतकीच दिशा महत्त्वाची. ५० किलोन्यूटनच्या हुकवर '५ टन' लिहिलंत तर हरकत नाही, तो ५.१ टनांचा आहे. पण ५ टनांच्या चेन ब्लॉकवर '५० किलोन्यूटन' लिहिलंत तर तुम्ही त्याला त्याच्या ताकदीपेक्षा एक किलोन्यूटन जास्त दिलात, कारण ५ टन म्हणजे ४९ च. क्षमता बदलून लिहिताना नेहमी खाली या.

सह्याद्रीत कडे चढणारी मुलं कॅराबिनरवरचं २२ किलोन्यूटन वाचून "म्हणजे २२०० किलो, आपण तर सत्तर किलोचे!" म्हणून निर्धास्त होतात. रूपांतर बरोबर आहे, २२४० किलो होतात. पण तो आकडा लांबीच्या दिशेने आणि गेट बंद असतानाचा आहे, आडवा ताण आला किंवा गेट उघडं राहिलं तर तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. आणि दोर ताणला जाऊन पडणं थांबतं तेव्हा येणारं बल शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असतं. तिथे अडचण एककाची नसते.

तुमच्याच लॅबमध्ये माती विभाग असेल तर तिकडेही एक सापळा आहे. सीबीआर, म्हणजे रस्त्याखालच्या मातीची ताकद सांगणारा आकडा, काढताना दट्ट्या मातीत २.५ मिलिमीटर गेल्यावर १३७० किलो आणि ५ मिलिमीटरला २०५५ किलो हे प्रमाण लोड धरतात. सीबीआर म्हणजे आपल्या मातीला लागलेला लोड भागिले हा प्रमाण लोड, टक्क्यात, त्यामुळे वरचं आणि खालचं एकाच एककात असेल तर रूपांतर करायची गरजच नाही. पण नवी मशीन्स किलोन्यूटनमध्ये आली आणि लोकांनी खालच्या १३७० चे डोक्यातल्या डोक्यात १३.७ किलोन्यूटन केले. ते १३.४४ असायला हवेत, आणि दुसरा २०.१५. लोड १.०५ किलोन्यूटन आला तर खरा सीबीआर ७.८ टक्के, १३.७ ने भागून ७.७ येतो. गंमत म्हणजे इथे चूक उलट्या बाजूला आहे, माती आहे त्यापेक्षा थोडी कमकुवत दिसते. म्हणून कुणी तक्रारही करत नाही आणि चूक वर्षानुवर्षं राहते.

हार्डनेसची, म्हणजे धातूच्या कठीणपणाची, गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण तिथे हा ९.८०६६५ राजरोस सूत्रात येऊन बसलाय. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत कास्टिंग तपासताना १० मिलिमीटरचा गोळा ३००० किलोने दाबतात आणि खड्ड्याचा व्यास मोजतात. खड्डा ४.३० मिलिमीटर असेल तर ब्रिनेल आकडा १९७. पुढे सगळं न्यूटनमध्ये न्यायचं ठरलं तेव्हा ३००० किलोचे २९,४२० न्यूटन झाले. तसेच घातले असते तर १९७ च्या जागी १९३० च्या आसपास आकडा आला असता आणि जगभरातली ड्रॉइंग, तक्ते, करार सगळे एका दिवसात रद्दी झाले असते. म्हणून सूत्राच्या पुढे ०.१०२ हा गुणक लावला. तो दुसरं काही नाही, एकाला ९.८०६६५ ने भागलं की जे येतं ते. न्यूटन आत घालायचे, ०.१०२ ने परत किलो करायचे, आणि जुनाच आकडा बाहेर काढायचा. विकर्स या दुसऱ्या हार्डनेस चाचणीच्या सूत्रातही हेच झालं, तिथला १.८५४ हा आकडा न्यूटनसाठी ०.१८९१ झाला. त्यामुळे 'एचव्ही १०' मधला दहा अजूनही दहा किलो-बलच आहे, मशीनवर ९८.०७ न्यूटन लिहिलेलं असलं तरी. कुणी "सोयीसाठी" ब्रिनेल मशीन ३० किलोन्यूटनवर सेट केलं आणि हिशेब मात्र ३००० किलोचा ठेवला, तर खड्डा थोडा मोठा पडेल आणि २०० चं कास्टिंग १९६ दाखवेल. स्पेसिफिकेशन १९७ च्या वर असेल तर चांगला माल परत जाईल.

जुन्या एककांच्या अशा खुणा आपल्या रोजच्या नावांतही आहेत. जुन्या ड्रॉइंगवर स्ट्रक्चरल स्टीलचा ग्रेड 'एसटी ४२' असा दिसतो. तो ४२ म्हणजे चौरस मिलिमीटरला ४२ किलो. त्याला ९.८०६६५ ने गुणलं की ४१२ येतात, म्हणून पुढे त्याच स्टीलचं नाव 'एफई ४१०' झालं. नंतर तुटण्याच्या ताकदीऐवजी ताणून कायमचं वाकण्याच्या ताकदीवरून नावं द्यायची पद्धत आली आणि आजचं 'ई २५०' आलं. जर्मन 'एसटी ३७' मधला ३७ ही तसाच. काँक्रीटमध्ये आयएस ४५६ च्या १९६४ च्या आवृत्तीत एम १५०, एम २०० असे ग्रेड होते, किलो प्रति चौरस सेंमीमध्ये. १९७८ च्या आवृत्तीत त्यांचे एम १५, एम २० झाले. इथे मात्र सरळ दहाने भागलंय. काटेकोर पाहिलं तर जुना एम २०० म्हणजे १९.६, म्हणजे एम २० ला त्याच्यापेक्षा दोन टक्के जास्त ताकद लागते. पण ते नियम लिहिणाऱ्यांनी ठरवून केलेलं गोलीकरण होतं. तो अधिकार लॅबमध्ये बसलेल्या आपल्याला नाही. जुन्या इमारतीचं ऑडिट करताना कागदावर एम १५० दिसला तर त्याला १४.७ समजा.

हायड्रॉलिक जॅकवर काम करणाऱ्यांना बल थेट दिसतच नाही, त्यांना गेजवरचा दाब दिसतो आणि ते पिस्टनच्या क्षेत्रफळाने गुणतात. गेजवर बहुधा दोन वर्तुळं असतात, त्यातलं एक केजी प्रति चौरस सेंमीचं. नव्या गेजवर त्या जागी बार असतं. दोन्ही आकडे इतके जवळ असतात की कुणी बघत नाही. १०० मिलिमीटर बोअरचा सिलिंडर, क्षेत्रफळ ७८.५४ चौरस सेंमी, काटा २०० वर. गेज किलोचं असेल तर १५.७ टन, म्हणजे १५४ किलोन्यूटन. गेज बारचं असेल तर १५७ किलोन्यूटन, म्हणजे १६ टन. पुन्हा तेच दोन टक्के. पाइल लोड टेस्टला जाताना गेजच्या काचेवर वाकून एकक वाचायला अर्धा मिनिट लागतो. आणि बार किंवा मेगापास्कल असेल तर हिशेब सोपा होतो: एक मेगापास्कल म्हणजे एक न्यूटन प्रति चौरस मिमी, एक बार म्हणजे दहा न्यूटन प्रति चौरस सेंमी. तिथे ९.८ मध्ये आणूच नका.

आता तुम्ही विचारलेली बाकीची नावं. किलोपाँड म्हणजे केजीएफच, फक्त जर्मन नाव. वस्तुमानाच्या किलोशी घोळ होऊ नये म्हणून बलाला त्यांनी वेगळं नाव दिलं, आणि खरं सांगायचं तर ते शहाणपणाचं होतं. १९७७ अखेरीस जर्मनीत त्याचा कायदेशीर वापर संपला, पण जुन्या जर्मन टेस्टिंग मशीनच्या डायलवर 'केपी' अजून दिसतं. घाबरू नका, केजीएफ समजून पुढे जा. डेकान्यूटन म्हणजे दहा न्यूटन, म्हणजे जवळपास १.०२ किलो. ट्रकवर माल आवळायच्या रॅचेट पट्ट्यांच्या लेबलवर हे असतं, कारण लोकांना किलोची सवय सुटत नाही आणि दहा न्यूटन किलोच्या अगदी शेजारी येऊन बसतात. लेबलवर २५०० डेकान्यूटन असेल तर ते २५ किलोन्यूटन. यातही ९.८ कुठे लागत नाही.

डाईन म्हणजे एक ग्रॅमला सेकंदाला सेकंदाला एक सेंटीमीटर वेग देणारं बल, न्यूटनचा एक लाखावा भाग. बांधकामात त्याची गाठ पडणार नाही. पण प्लास्टिक फिल्मवर छपाई करणारे "अडतीस डाईनचा माल आहे" म्हणतात. ते बल नसून पृष्ठताण असतो, डाईन प्रति सेंटीमीटर, बोलताना 'प्रति सेंटीमीटर' गळून जातं. त्याचं रूपांतर फार सुंदर आहे: ३८ डाईन प्रति सेंमी म्हणजे ३८ मिलिन्यूटन प्रति मीटर, आकडा बदलतच नाही. इचलकरंजीत सुताची ताकद 'आरकेएम'मध्ये सांगतात, म्हणजे एका टेक्सला (टेक्स हे सुताच्या जाडीचं एकक) किती ग्रॅम-बल. १६ आरकेएमचं सूत सेंटीन्यूटनमध्ये १५.७ होतं. तिथेही दोन टक्के आहेतच, पण ग्रॅम-बल आणि सेंटीन्यूटन इतके जवळ असतात की व्यापारी दोन्ही एकच धरून चालतात आणि सौदे मोडत नाहीत.

जाता जाता टनाबद्दल एक. तुमच्या डायलवरचा टन मेट्रिक आहे ना, हे नेमप्लेटवर बघा. जुन्या इंग्रजी बनावटीच्या मशीनवर ब्रिटिश टन असू शकतो, २२४० पौंडांचा. त्याचं किलोन्यूटन ९.९६४ होतं. म्हणजे तुमचे दहाने गुणणारे सर अशा मशीनवर शिकले असतील तर ते तिथे जवळजवळ बरोबर होते, अर्ध्या टक्क्याच्याही आत. त्यांना विचारून बघा.

कामाच्या दोन सवयी सांगतो. पहिली, रजिस्टरमध्ये मशीनने दाखवलेलाच आकडा लिहा, टनात असेल तर टनातच, एककासकट. रूपांतर रिपोर्टच्या शीटमध्ये, एकाच ठिकाणी, एकदाच. मी अशी एक्सेल शीट पाहिली आहे जिच्यात इंडिकेटर आधीच किलोन्यूटनवर बदललेला होता आणि सूत्र तरीही ९.८१ ने गुणत होतं. क्यूबची ताकद दोनशेच्या वर गेली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. दहापटीची चूक ओरडून सांगते, दोन टक्क्यांची चूक गप्प बसते. दुसरी सवय, मशीनला दिसतं तेवढंच लिहा. डायलचा लहानात लहान भाग ०.१ टन असेल तर ५६.५ टनाचे ५५४ किलोन्यूटन लिहा. ५५४.०७६ लिहिलं तर ते दशांश मशीनचे नाहीत, कॅल्क्युलेटरचे आहेत.

आणि दिलेल्या रिपोर्टांचं. इथेच पहिल्या सवयीचा उपयोग होतो: रजिस्टरमध्ये टनातली मूळ रीडिंग असतील तर सगळं परत काढता येतं. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत दहाने गुणलं ते ठरवा. त्या काळातल्या प्रत्येक आकड्याला ०.९८०६६५ ने गुणून एक वेगळी यादी करा. बहुतेक निकाल मर्यादेपासून लांब असतील, त्यांचा निर्णय बदलणार नाही. जिथे क्यूबचा निकाल किंवा चार निकालांची सरासरी मर्यादेच्या दोन टक्के आत आहे, ते वेगळे काढा. तिथे साइटला फोन करावाच लागेल आणि सुधारित रिपोर्ट, जुन्याचा क्रमांक लिहून, द्यावा लागेल. आधी क्वालिटी मॅनेजरना यादी दाखवा, दहावाल्या सरांना बाजूला बसवूनच दाखवा. त्यांच्याकडे जुन्या रजिस्टरांची जागा माहीत असेल, आणि ती तुम्हाला लागणार आहेत.